शून्य रुपयांची तिकिटं

पुणे,
रविवार, २२ मार्च २०२६

ती. आई आणि ती. बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर माझी गाडी "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" याच्या पुढे जात नाही. आणि जे सांगायचंय ते बाबांसमोर बोलायला गेले की घसा दाटून येतो. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. तिचा चष्मा अजून करून आणलेला नसणार.

पाडवा होऊन तीन दिवस झाले. गेल्या पाडव्याला आपण सगळे वाईला होतो. दादा-वहिनींची म्युनिकची तिकिटं हातात आली होती. बाळ्या गुढीची साखरेची गाठी ओढत होता आणि आई, तू त्यातली अर्धी मोडून कागदाच्या पुडीत बांधून वहिनीच्या बॅगेत सरकवलीस. एप्रिलमध्ये ते गेले. विमानतळावरून परतताना मी आणि दादाने आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट तुम्हाला सांगितली: आता वाईला दोघांनीच राहायचं नाही, पुण्याला यायचं. सांगितली म्हणते, कारण विचारलं नव्हतंच. तुम्हीही काही बोलला नाहीत. बाबांनी घराला कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहिलं, तेवढंच.

माझ्या मनात तेव्हा फक्त भीती होती, आई. बाबा न्हाणीघरात घसरले तेव्हा तू एकटी होतीस, शेजारचे येईपर्यंत अर्धा तास गेला. तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नव्हता. पण त्या भीतीपोटी मी तुम्हाला अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं आणि समजले की काम झालं.

मग मे महिन्यातला तो दिवस. गेल्या वर्षी पाऊस मेमध्येच कोसळायला लागला होता. मी ऑफिसातून फोन केला तर बाबांचा फोन घरातच चार्जिंगला, आणि आई म्हणते, "जेवून बाहेर पडलेत, येतील." पाच वाजले, सहा वाजले. मी सोसायटीत, बागेत, दवाखान्यात शोधत सुटले. स्वारगेटला जाऊन बघ, हे जावईबापूंना सुचलं.

तुम्ही फलाटासमोरच्या बाकावर बसला होतात. छत्री मिटून पायाशी ठेवलेली, तिचं पाणी निथळून बाकाखाली ओघळ गेलेला. एक बाई पोराला काखेत घेऊन विचारत होती, भोरची गाडी कुठं लागते? तुम्ही हात करून तिला दाखवत होतात. मी आले ती ओरडतच. काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुमचं वय काय, तुम्ही करता काय? तुम्हाला आता एकटं सोडायची सोय राहिली नाही." चहाचा पोरगा थांबून बघत होता. ती बाईही. तुम्ही छत्री उचललीत आणि म्हणालात, "वाईची गाडी वेळेवर सुटते का, तेवढं बघत होतो."

१९७४ ते २००८, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून ज्या माणसाने रोज शेकडो लोकांना ज्याच्या त्याच्या गावाला पोचवलं, त्याला मी भर स्टँडवर हरवलेलं पोर केलं. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. मीही नाही. आणि त्यानंतर आपण त्या विषयावर कधीच बोललो नाही.

ऑगस्टमध्ये आपली छकुली नागपूरला होस्टेलवर गेली. पहिल्याच आठवड्यात एका रात्री तिचा फोन लागेना, मी तिच्या तीन मैत्रिणींना, रेक्टरबाईंना, सगळ्यांना उठवलं. साडेअकराला तिचा फोन आला. मी बोलायला लागले आणि माझ्याच तोंडून तेच शब्द बाहेर आले, एकटं सोडायची सोय नाही. ती शांतपणे म्हणाली, "आई, मी हरवले नव्हते गं, बाहेर गेले होते." फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तुमच्या खोलीच्या दाराशी उभी होते. आत दिवा होता. आत यायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला. आईचा साडेतीन पीठांचा नवस मी जन्मल्यापासून ऐकतेय. दादाच्या वेळी बोललेला, म्हणजे पन्नास वर्षं होत आली. का फेडला नाही ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं: नवरात्र असो, दिवाळी असो, आषाढीच्या ज्यादा गाड्या असोत, ज्या दिवशी जग देवाला निघतं त्या दिवशी बाबांची ड्युटी. मी गाडी करते म्हटलं तर बाबा म्हणाले, एसटीनेच जाऊ.

कोल्हापूरला स्वारगेटहून निघालो तेव्हा मला वाटलं, तुमचं हे पहिलंच शून्याचं तिकीट. पंचाहत्तरी मेमध्ये झाली होती, त्यामुळे आता राज्यात कुठंही एसटीचा प्रवास फुकट. कंडक्टरने मशीनमधून तिकीट काढून दिलं, तुमचं शून्य रुपयांचं, आईचं आणि माझं अर्धं. तुम्ही आधार कार्ड शर्टाच्या खिशातून इतकं सहज काढलंत की माझ्या मनात काहीतरी खटकलं. पण तेव्हा लक्षात आलं नाही. तिकीट उलटं करून तुम्ही मागे बॉलपेनने काहीतरी लिहिलंत. मी विचारलं तर म्हणालात, "या मशीनची शाई टिकत नाही. आमची तिकिटं टिकायची."

अंबाबाईचं दर्शन आपल्याला आधीही घडलं होतं. तुळजापूर मात्र आईसाठी नवं. नोव्हेंबरात सोलापूरहून निघालो आणि सप्टेंबरच्या पुराने काय केलं होतं ते खिडकीतून दिसायला लागलं. रस्त्याकडेला काळ्या पडलेल्या सोयाबीनचे ढीग होते. आई, तू बोलायची थांबलीस. देवळात आराध्यांच्या परडीत तू मूठभर तांदूळ घातलेस, आणि पायऱ्या उतरताना म्हणालीस, "मी आज माझ्यासाठी काही मागितलं नाही. त्या शेतांसाठी मागितलं." मी माझ्या आयुष्यात तुझा इतका अभिमान कधी बाळगला नव्हता.

माहूरचा प्रवास सगळ्यात लांबचा, आणि माझ्या लेखी या वर्षातला सगळ्यात मोठा. डिसेंबरची थंडी, रात्रभर नांदेडपर्यंत, आणि सकाळी नांदेडहून माहूरची गाडी. दोन्ही कडेच्या झुडपांना वाऱ्याने उडालेला कापूस अडकलेला. गाडीत एक बाळंतीण चढली. बाबा, तुम्ही उठून तिला जागा दिलीत आणि उभे राहिलात. पुढे वळणं सुरू झाली. गाडी वळेल तसा जो तो वरचा दांडा घट्ट धरून एका बाजूला कलत होता. तुम्ही सीटच्या दांडीला गुडघा टेकवून, दोन्ही हात मोकळे सोडून उभे होतात. वळण यायच्या आधीच तुमचं अंग दुसऱ्या बाजूला झुकायचं. मी लहानपणी तुमच्या गाडीतून एक-दोनदा आले असेन, पण तुम्हाला असं कधी बघितलंच नव्हतं. न्हाणीघरात पडलेला माणूस म्हणून मी वर्षभर तुमच्याकडे बघत होते. त्या गाडीत तुमच्याइतकं सावरून कुणीच उभं नव्हतं.

कंडक्टर मुलगी होती, तिशीची असेल. ती तिकिटं संपवून तुमच्यापाशी थांबली. "काका, घाटात हात न धरता उभा राहणारा माणूस आमच्यातलाच असतो. कोणता डेपो?" तुम्ही म्हणालात, "वाई." त्यानंतर माहूर येईस्तोवर तुम्ही दोघं बोलत होतात: वेबिल, मुक्कामी गाड्या, कातडी पिशवी, पत्र्याची तिकिटांची पेटी, चिमटा. ती हसत होती, तुमचा आवाज चढला होता. तो आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. आणि तिनेच सांगितलं, तिची मावसबहीण वाई डेपोला लागलीय आणि तिला खोली मिळत नाही. पहाटे चारला ड्युटीवर जाणारी आणि रात्री अकराला येणारी एकटी मुलगी घरमालकांना नको असते.

रेणुकेच्या गडावर खलात विडे कुटत होते. तांबुलाचा तो प्रसाद आईने जिभेवर ठेवला, उरलेला वहिनीसाठी डबीत घेतला आणि मग आठवून थांबली, म्युनिकला कसा पोचायचा. डबी अजून माझ्या देवघरात आहे. वाळलाय, पण वास आहे.

खाली उतरल्यावर बाबा म्हणाले, "माडीवरची खोली रिकामीच आहे की." परवानगी मागत नव्हता तुम्ही. वर्षात पहिल्यांदाच, मला नुसतं सांगत होतात.

संक्रांतीच्या आधी आपण वाईचं कुलूप उघडलं. आठ-नऊ महिने बंद असलेलं घर, मी नाकाला पदर लावून आत शिरले. पण कुबट वास नाही. दाराच्या चौकटीला वाळवीचं औषध मारलेलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर पसरलेला पेपर मी सहज बघितला तर जुलैचा. एप्रिलमध्ये कुलूप लावलेल्या घरात जुलैचा पेपर कसा? मी आईकडे बघितलं. आई डबे पुसायला लागली.

बाबांची जुनी पत्र्याची तिकिटांची पेटी मला कपाटात सापडली. तुम्हाला न विचारता उघडली, त्याची क्षमा करा. आत मशीनची तिकिटं, पुढची बाजू पांढरी पडत चाललेली, आणि मागे तुमचं टपोरं अक्षर. "स्वारगेट–कोल्हापूर, तिघं, पाऊस." "नांदेड–माहूर, तिघं, थंडी. कंडक्टर हुशार." आणि त्यांच्या खाली, रबरात बांधलेली वेगळी जुडी. "स्वारगेट–वाई, एकटा." "वाई–स्वारगेट, एकटा." जाणं-येणं एकाच दिवसाचं. अशा चार जोड्या, जून ते ऑक्टोबर. म्हणजे मी ऑफिसला गेल्यावर तुम्ही निघत होतात, घर उघडून, वारा देऊन, औषध मारून मी यायच्या आत परत पुण्याला. आई दाराशी राहून सांभाळून घेत होती. स्वारगेटच्या त्या संध्याकाळनंतर.

तुम्ही मला सांगितलं नाहीत याचं वाईट वाटलं नाही. स्वतःच्या घरी जायला तुम्हाला माझ्यापासून लपून जावं लागलं, याची लाज वाटली. बाबा, त्या दिवशी स्टँडवर मी जे बोलले त्याची मी मनापासून माफी मागते. दहा महिने उशीर झालाय. आई, तुझीही, कारण तुला तुझं तुळशीवृंदावन, तुझा घाट, तुझ्या भजनातल्या बायका सोडायला लावून मी तुला एका खिडकीशी बसवलं.

आता तुम्ही परत वाईला राहता आणि माडीवर एसटीतल्या दोघीजणी आहेत, एक यवतमाळकडची, एक परभणीची. गेल्या महिन्यात मी आले तेव्हा पहाटे साडेतीनला मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता, आई भाकरी थापत होती आणि ती धाकटी गणवेशात पाटावर बसून डबा भरायची वाट बघत होती. रात्री दुसरी येईपर्यंत बाबा ओसरीवर. मी म्हटलं, जागता कशाला, तर म्हणालात, "शेवटची गाडी डेपोत लागल्याशिवाय झोप येत नाही. कधीच आली नाही." आणि परवा आईला जरा चक्कर आली तेव्हा त्यातल्या एकीनेच डॉक्टरांना बोलावलं, मला फोन नंतर आला. माझा तो अर्धा तास आता डोक्यात येत नाही.

वणीचं अर्धं पीठ फेब्रुवारीत झालं. गुडघ्यांमुळे आई ट्रॉलीने वर गेली. अठरा हातांची ती देवी बघून आई काही बोललीच नाही, नुसती उभी राहिली. पन्नास वर्षांचा नवस फिटल्यावर माणसाचा चेहरा कसा दिसतो ते मी शेजारी उभी राहून बघत होते. तिथंच मी ठरवलं ते आता सांगते.

मी साताऱ्याच्या शाखेत बदली मागितली होती. परवा मंजूर झाली. १ जूनपासून. जावईबापूंशी सगळं बोलणं झालंय, शनिवारी रात्री मी पुण्याला येईन किंवा ते वाईला येतील. छकुली तर म्हणाली, सुट्टीत मी थेट वाईलाच येणार. आई, काळजी करू नकोस, संसार मोडून येत नाहीये. आणि तुमच्यावर लक्ष ठेवायला तर मुळीच येत नाहीये. मला तुमच्याजवळ राहायचंय, एवढंच. तेही तुम्ही हो म्हणालात तर. या वेळी मी विचारतेय.

माडी भरलेली आहे, ते माहीत आहे. माजघरात माझी लोखंडी कॉट अजून असेल तर मला तीच पुरे.

बाबा, बँक दहाला उघडते, मला साडेनऊला दारात असायला हवं. वाईहून साताऱ्याला कितीची गाडी धरू?

तुमची,
धाकटी