सँडरची पिन काढणाऱ्या काकांना

काका,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर ब्रश धुवायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. आज कुणी एखाद्या जुन्या बोटीच्या केबिनमध्ये माझ्यासारखं सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, हातात घेऊन उभं असेल, तर त्याच्याही कानावर पडू दे.

तो पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. नकाशाच्या टेबलाशेजारचं कपाटाचं दार मी भरीव सागवान समजून घासायला घेतलं होतं. ते निघालं प्लायवूड, वर सागाचा जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. मशीन एका जागी क्षणभर जास्त टेकलं आणि दाराच्या मधोमध तळहाताएवढा फिकट, बिनरेषांचा डाग उमटला. तेवढ्यात तुम्ही जिना उतरून आलात. डागावरून अंगठा फिरवलात, मशीनची पिन काढलीत आणि एवढंच विचारलंत, "आधी धुतलंस का?"

नव्हतं धुतलं. धुवायचं असतं हेच माहीत नव्हतं. काळपट, चिकट, कुबट वास मारणारं लाकूड दिसलं की ते खरवडायचं, एवढीच माझी अक्कल.

मग दोन दिवस तुम्ही मला पॉलिश पेपरला हात लावू दिला नाहीत. कोमट गोडं पाणी, त्यात साबणाचे चार थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, आणि बादलीतलं पाणी सतत बदलायचं. खाऱ्या पाण्याचं मीठ फळ्यांवर बसलेलं असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि केबिन कितीही उघडी ठेवली तरी लाकूड दमटच राहतं, हे तुम्ही बोटाला लागलेली पांढुरकी पूड दाखवून समजावलंत. बुरशी कोरड्या ब्रशने झाडायची नाही, नाहीतर तिची पूड सगळ्या केबिनभर उडते. आधी व्हिनेगरच्या पाण्याने ओली करायची, मग पुसायची. कपाटांच्या आतल्या बाजू, गाद्यांखालच्या फळ्या, जिन्याच्या पायऱ्यांची पाठ, जिथे कुणी कधी बघत नाही तिथे सर्वांत जास्त बुरशी होती.

आणि मळ निघाल्यावर कळलं, अर्ध्याहून जास्त व्हार्निश धडधाकट होतं! त्याला फक्त अंघोळ हवी होती. काका, माझे सर्वांत मोठे आभार या गोष्टीसाठी आहेत. मी सगळी केबिन उघडी-बोडकी करायला निघाले होते, तुम्ही मला काय राखायचं ते दाखवलंत. त्या पातळ पापुद्र्याला जन्मात एक-दोनदाच पूर्ण घासणं सोसतं. त्यातलं एकदाचं घासणं मी हौसेपायी उधळणार होते.

मग लाकडावर आधीचा थर कशाचा आहे ते ओळखायची तुमची ती थेंबाची परीक्षा. आडोशाच्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून बोट लावायचं. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. तसाच पडून राहिला तर दुसरीकडे लॅकर थिनरचा थेंब, विरघळलं तर लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं थिनरचं पॉलिश. दोन्हींना पुरून उरलं तर बहुधा व्हार्निश. आमच्या बोटीत स्वयंपाकाच्या कट्ट्याची दारं कुणीतरी लाखेने पॉलिश केलेली निघाली, म्हणूनच ओल्या भांड्यांचे पांढरे गोल तिथेच उठले होते. बाकी सगळीकडे व्हार्निश. ही परीक्षा न करता मी दिसेल त्यावर दिसेल ते फासलं असतं, यात मला काडीचीही शंका नाही.

खिळ्या-स्क्रूंभोवतीच्या काळ्या डागांचं मला फार वाईट वाटत होतं. घासून ते जात नाहीत, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य ओलाव्यात एकत्र येऊन रंग आत खोल उतरलेला असतो. तुम्ही ऑक्झॅलिक ॲसिड वापरलंत, पण त्याआधी मला हातमोजे, चष्मा आणि मास्क घालायला लावलात. प्लॅस्टिकच्या भांड्यात कालवायचं, लावायचं, थांबायचं, मग पुन्हा पुन्हा गोड्या पाण्याने पुसायचं, कारण वाळलेला अंश राहिला आणि नंतर घासला तर ती पूड छातीत जाते. आणि स्टील वुल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा बोळा, बोटीवर आणायचंच नाही! त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, गंजतात आणि जे डाग काढले तेच परत येतात. तुम्ही नायलॉनचा पॅड दिलात.

घासायला शेवटी परवानगी मिळाली ती ठोकळ्याला गुंडाळलेल्या १८० नंबरच्या कागदाने, मग २२०, तीही रेषांच्या दिशेने आणि हाताने. उघड्या पडलेल्या भरीव पट्ट्यांपुरता जरा खरखरीत १२०. (आडव्या पट्ट्यांच्या झडपांची दारं ज्याने शोधून काढली त्याने ती स्वतः कधी घासली नसणार. यावर आपलं एकमत आहे.) सागाला अंगचं तेल असतं, म्हणून व्हार्निशच्या जरा आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसायचं. तेव्हा तुम्ही शेगडीचा गॅस बंद केलात, सगळी झाकणं उघडलीत आणि दर पंधरा मिनिटांनी मला वर डेकवर पिटाळलंत. मला ते अति वाटलं होतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी जाऊन साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते, हे कळल्यावर हसू मावळलं. जिन्याच्या पायऱ्यांना जवसाचं तेल लावल्यावर ती फडकी तुम्ही बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घातलीत, त्याचंही तेच. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं.

व्हार्निशचा पहिला हात निम्मं थिनर घालून, पुढचे हात दाट होत जाणारे, मध्ये हलकं घासणं आणि धूळ पुसणं. डबा हलवायचा नाही, काडीने सावकाश ढवळायचं, नाहीतर बुडबुडे येतात. आपलं भांडण झालं ते शेवटच्या हातावर. तुम्हाला सगळीकडे आरशासारखी चकाकी हवी होती, मला मंद. छोट्या केबिनमध्ये रात्री दिवा लावला की चारी भिंतींतून तो डोळ्यांत घुसतो, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. तुम्ही कुरकुरत मान्य केलंत, पण आतले सगळे हात चकाकीचेच लावायला लावलेत. मंद व्हार्निशमध्ये चकाकी मारणारी भुकटी असते, तिचे थरावर थर चढले तर लाकूड धुरकट दिसतं. शेवटचा एकच हात मंद. तो तुम्ही स्वतः लावलात, म्हणजे पटलं असावं.

आणि ते दार. मला वाटलं होतं तुम्ही नवा पापुद्रा चिकटवाल. तुम्ही डागावर व्हार्निशचा एक हात दिलात, तो वाळल्यावर बारीक ब्रश रंगात बुडवून सागाची एक रेषा काढलीत, आणि ब्रश माझ्या हातात देऊन वर निघून गेलात. उरलेल्या रेषा मी काढल्या. तुमची एक कुठली हे कुणालाही ओळखता येतं.

एक सांगायचं राहिलं. डाव्या खिडकीखाली काळा डाग पुन्हा धरायला लागलाय. कागदाला हात लावलेला नाही. आधी खिडकीची चौकट बाहेरून पाण्याने भिजवून आत कुठून थेंब येतो ते पाहिलं, आणि वरच्या कोपऱ्यातला सील फाटलेला सापडला. तो बदलते, लाकूड वाळू देते, मग तुम्हाला बोलावते.

तुमची,
नकाशाच्या टेबलाजवळची