घाई न करणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. उघड लिहितोय, कारण नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कारखान्यांच्या पट्ट्यात माझ्यासारखे बरेच जण आहेत हे आता मला ओळखू येतं, आणि अपघाताची भीती मनातून जात नसेल तर त्यावर तुम्ही करता तसा ईएमडीआर नावाचा उपचार असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. तुमचं नाव घालू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून घालत नाही. कंपनीचंही नाही, त्या प्रकरणाचं जे व्हायचं ते कागदोपत्री होतंय. आणि जो गेला त्याचं नाव त्याच्या आईला न विचारता इथे लिहिणं मला बरं वाटत नाही.

घडलं ते थोडक्यात. रात्रपाळी होती, रिअ‍ॅक्टरवर स्फोट झाला, आग लागली. मी बाहेर आलो, तो आला नाही.

हाताचं भाजलेलं भरून आलं, डॉक्टरांनी फिटनेस दिला, कामावर रुजू हो म्हणाले. सगळ्यांच्या हिशेबी विषय संपला. आमच्या घरात मात्र कुकर बंद झाला. पहिली शिट्टी व्हायच्या आधी तो जो फुसफुसायला लागतो ना, त्या आवाजाला मी थेट जिन्यात असायचो, अनवाणी. बायको डाळ पातेल्यात शिजवायला लागली. रबाळे स्टेशन आलं की डोळे मिटून घ्यायचो, पण वास कुठे मिटता येतो? ठाणे-बेलापूर रस्त्यावर सॉल्व्हंटचा नुसता भास झाला तरी छातीत धडधड, तळहात ओले. झोप तुटक. मुलानं दार आपटलं म्हणून त्याच्या अंगावर धावून गेलो. दिवाळीत तर गावी पळालो, तिथेही फटाके होतेच.

उपाय सांगणारे पुष्कळ होते. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शिफ्टमधल्यांनी सांगितलं, दोन पेग मार, गाढ झोपशील. मेव्हणा म्हणाला, पुरुषासारखा पुरुष तू, विसरून जा. विसरून जा म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही, पण तसं जमत असतं तर आठवण या प्रकाराला कुणी विचारलंच नसतं.

आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात. १९०१ पासून तिथे मनोरुग्णालय आहे, त्याचा हा प्रताप. सायकियाट्रिस्टनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, खाली तुमचा पत्ता लिहिला, आणि तो नेमका ठाण्याचा निघाला. बायको खो खो हसली. अपघातानंतर आमच्या घरात कुणी मनापासून हसलं ते तेव्हाच. तुमची खोली नौपाड्यात, त्या रुग्णालयापासून चांगली लांब आणि खाली फरसाणवाला, हे बघून मलाही जरा धीर आला.

तुम्ही ईएमडीआर करता एवढंच चिठ्ठीवर होतं. डोळे डावी-उजवीकडे हलवून जुने घाव भरतात, असं मेव्हण्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं. मी केमिकल प्लांटचा माणूस, आयटीआयला एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स केलेला. मला वाटलं, ही सिनेमातली मोहिनीविद्या. घड्याळ हलवणार आणि मी बडबडणार. तुम्ही हसला नाहीत. डोळे उघडे राहतील, तुम्ही पूर्ण जागे असाल, हात वर केलात की मी त्या क्षणी थांबेन, आणि काय घडलं ते सविस्तर सांगायची सक्ती नाही, असं तुम्ही सांगितलंत. शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्चीत नीट टेकून बसलो. तोवर पोलीस, इन्स्पेक्टर, युनियन, विमा, नातेवाईक, सगळ्यांना तेच तेच सांगून माझं तोंड कडू झालं होतं.

आणि मग तुम्ही अपघाताला हातच लावला नाहीत! गावाकडचं विचारलंत, वडिलांचं विचारलंत, झोप, दारू, रागाचं, आधी कधी असं झालं होतं का. पुढच्या वेळी एखादी निवांत जागा डोळ्यांसमोर आणायला लावलीत. मी पाटणकडच्या आमच्या विहिरीची पायरी निवडली, पावसाळ्यातली, पाणी वरपर्यंत आलेली. मनात म्हणत होतो, ट्रेननं इथवर येऊन विहिरीचा विचार करायचे पैसे द्यायचे? मग दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून आळीपाळीनं खांद्यांशी थोपटायला शिकवलंत. या थोपटण्याला फुलपाखरू-मिठी म्हणतात. मेक्सिकोत अकापुल्कोला १९९७ साली पॉलिन चक्रीवादळानं वाताहत केली, त्यानंतर लुसिना आर्तिगास नावाच्या बाईंनी तिथल्या मुलांबरोबर काम करताना ते काढलं, हेही सांगितलंत. घणसोलीच्या लोकलमध्ये मी ते जॅकेटच्या आत हात घालून करायचो, कुणाला दिसू नये म्हणून.

तुमची ही पद्धत मला पटली ती माझ्या धंद्यामुळे. प्रेशर असलेल्या लाइनचा फ्लँज, म्हणजे पाइपचा जोड, कुणी शहाणा माणूस उघडत नाही. आधी लाइन आयसोलेट करायची, व्हेंट करायची, गेज शून्यावर आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, परमिटवर सही घ्यायची, मग स्पॅनर लावायचा. तुम्ही म्हणालात, यात आठ टप्पे असतात आणि बोटं हलवायचा त्यातला चौथा. आधीचे उरकले तर माणूस उघडा पडतो आणि त्याला सावरायला काही हाताशी नसतं. त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, या बाईंना एसओपी कळते, कामाची ठरलेली पद्धत.

ज्या दिवशी खरं काम सुरू झालं, त्या दिवशी तुम्ही त्या रात्रीतलं एकच चित्र मागितलंत, सगळ्यात वाईट. मी दरवाजा दिला, ज्याच्या पलीकडे तो राहिला. त्या चित्राबरोबर स्वतःबद्दल काय वाटतं, असं विचारलंत. ‘मी त्याला आणायला हवं होतं, मीच जबाबदार.’ त्याजागी काय मानायला आवडेल? बराच वेळ काही सुचेना. शेवटी म्हणालो, ‘जेवढं करता येत होतं तेवढं मी केलं.’ हे किती खरं वाटतं, एक ते सातमध्ये? एक. त्रास किती, शून्य ते दहामध्ये? दहा. शरीरात कुठे? घशात. तुम्ही सगळं लिहून घेत होता आणि मला लॉगशीटची आठवण येत होती; आकडे आले की मला जरा बरं वाटतं.

मग तुमची दोन बोटं, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, इकडून तिकडे. मी डोळ्यांनी त्यांच्या मागे. थोड्या वेळानं थांबायचात, ‘श्वास घ्या. काय येतंय?’ मी एखादं वाक्य बोलायचो. ‘त्याच्याबरोबर राहा’, आणि पुन्हा बोटं. सल्ला नाही, अर्थ लावणं नाही, हळहळ तर नाहीच. दरवाजा आला, धूर आला, मग अचानक कॅन्टीनचा चहा आला, त्याचं माझ्याकडे राहिलेलं हेल्मेट आलं, मग माझ्या चुलत्याची तिरडी, जिचा इथे काय संबंध ते मला आजही कळलेलं नाही. एकदा घसा इतका आवळला की मी हात वर केला. तुम्ही खरंच त्याच क्षणी थांबलात.

त्यातल्याच एका फेरीत ते झालं. तपासाच्या अहवालात लिहिलेलं होतं की धूर काही सेकंदांत भरला, आणि दरवाज्याच्या पलीकडे जाऊन कुणी परत येऊ शकलं नसतं. ते मी वाचलं होतं, लोकांना वाचूनही दाखवलं होतं. पण ते डोक्याच्या एका खणात आणि दरवाजा दुसऱ्याच खणात. त्या दिवशी दोन्ही एकत्र आले. मी म्हणालो, ‘आत जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं.’ आणि रडलो. तुम्ही टिश्यूचा डबा पुढे सरकवलात आणि थोड्या वेळानं म्हणालात, ‘त्याच्याबरोबर राहा.’

हे कसं होतं ते तुम्ही मला पचेल तेवढं सांगितलंत. साधी आठवण आपल्या बाकीच्या माहितीला जोडली जाते आणि हळूहळू जुनी होते. प्रचंड धक्क्याच्या वेळची तशी जोडली जात नाही. ती आवाज, वास, घशातल्या आवळण्यासकट जशीच्या तशी अडकून राहते, म्हणून कुकर फुसफुसला की ते सगळं आत्ताच घडतंय असं वाटतं. डोळ्यांच्या हालचालीबद्दल तुमचं आवडतं स्पष्टीकरण असं, की एका वेळी मनात धरून ठेवायची जागा मुळातच थोडी असते. चित्रही धरायचं आणि बोटंही बघायची, यात चित्राच्या वाट्याला कमी येतं. ते फिकं होतं आणि फिकं होऊनच परत साठवलं जातं. काही जण याचा संबंध झोपेत डोळे हलतात त्या अवस्थेशी लावतात, पण त्यावर पैज लावू नका म्हणालात.

मी खोदून विचारलं, हे सिद्ध झालंय का? इथे दुसऱ्या कुणी मला गुंडाळलं असतं. तुम्ही सगळं सांगितलंत: ही पद्धत काढणाऱ्या फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ साली बागेत चालताना जाणवलं की डोळे इकडेतिकडे भिरभिरले तसे आपले त्रासदायक विचार बोथट झाले; १९८९ साली त्यांनी पहिला अभ्यास छापला; सुरुवातीला बऱ्याच तज्ज्ञांनी नाकं मुरडली. तुम्ही ही नाकं मुरडणाऱ्यांची बाजूही सांगितलीत: आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरं जाणं हेच खरं औषध, डोळे हलवणं वरचा साज, असं मानणारे आजही आहेत. २०१३ साली ली आणि कायपर्स यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हालचालींचा वेगळा फायदा दिसला. तरी वाद मिटलेला नाही. उपचार म्हणून मात्र जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच अशा त्रासासाठी याची शिफारस केली, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. कोणते उपचार वापरावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हा उपचार आहे. आघातावर लक्ष ठेवून केलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार, हाही तितकाच मान्य मार्ग, हवी असेल तर ती करू, असंही म्हणालात. आपल्या दुकानातल्या मालाबरोबर शेजारच्या दुकानातलाही दाखवणारं माणूस मला सहसा भेटत नाही.

सगळं गोड नव्हतं. दरवाज्याच्या त्या दिवसानंतर रात्री भलती स्वप्नं पडली, दोन दिवस चिडचिड. बायको म्हणाली, हे तर वाढलंय, बंद कर. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की सेशननंतर काही दिवस मन स्वतःच चाळवत राहील, काय येतं ते वहीत टिपा. आणि वेळ संपताना जे अर्धवट राहिलं असेल ते मनातल्या मनात एखाद्या पेटीत बंद करायला लावायचात. मी माझा टूलबॉक्स घेतला, कुलपासकट. एखाद्याला हे पोरखेळ वाटेल, मला त्यानं त्या रात्री झोप लागली.

इथे वाचणाऱ्यांसाठी एक सांगतो, कारण मी ते करणार होतो. यूट्यूबवर इकडून तिकडे जाणाऱ्या चेंडूचे व्हिडिओ आहेत, घरबसल्या ईएमडीआर म्हणून. मी विचारलं तेव्हा मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. मोठ्या धक्क्याची आठवण एकट्यानं उघडायची नाही, शिकलेल्या माणसासमोरच. काहींची मनं अशा वेळी पार सुन्न होतात, काहींना आधी दुसरे उपचार लागतात, ते ओळखता यावं लागतं. कुठे जायचं तेच कळत नसेल तर सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

मॅडम, शेवटी शेवटी त्रासाचा आकडा दहावरून एकवर आला आणि तिथेच अडला. मला शून्य हवा होता. शून्याशिवाय परमिटवर सही कशी करायची? तुम्ही म्हणालात, तुमचा मित्र गेलाय, एवढं दुःख तुमचं आहे, ते मी काढणार नाही. तुमच्या सगळ्या बोलण्यातलं हे मला सगळ्यात जास्त पुरलं. भीती गेल्यावर खाली ते दुःख होतं आणि त्यासाठी मला वेळच मिळाला नव्हता. त्याच्या आईकडे मी तोवर एकदाही गेलो नव्हतो. आता जातो. त्या मला त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगतात, मी त्यांना त्यानं शिफ्ट इनचार्जची केलेली नक्कल करून दाखवतो.

कुकर परत वर निघालाय. शिट्टीला मान वळते, पाय जागेवर राहतात. सॉल्व्हंटचा वास मला आवडत नाही, आवडायचं कारणही नाही. काम बदलून घेतलंय, जनरल शिफ्ट, ड्रायिंग सेक्शन. सेफ्टी कमिटीत मी मागणी टाकली आहे की अपघातानंतर हातापायांच्या फिटनेसबरोबर माणसाला महिनाभरानं पुन्हा बोलावून झोपेचं, भीतीचंही विचारावं. एचआरनं ‘नोंद घेतली’ म्हटलंय. नोंद म्हणजे काय ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, पण मी दर मीटिंगला विचारणार.

एक काम आहे. त्याच रात्री आमच्याबरोबर असलेला आणखी एक जण तुमच्याकडे यायला तयार झालाय. फार बोलत नाही, आणि पहिल्याच दिवशी ‘किती सेशनमध्ये होईल’ असं विचारणार, तेवढं सांभाळून घ्या. त्याला अजून रात्रपाळीच आहे, तेव्हा सकाळी दहा-साडेदहाची वेळ मिळाली तर तो घरी न जाता परस्पर ठाण्याला येईल. फोन मी त्याच्यासमोर बसून लावून देतो.

आपला,
घणसोलीचा प्लांट ऑपरेटर