कोडिंग सुटेल का?

नाशिक

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, टीमची लीड झाले तर कोडिंग सुटेल." मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

माळा आवरताना तुझा निन्टेंडो डीएस सापडला, तो हातात धरून खेळायचा गेम, मामाने दुबईहून आणलेला. त्याचं बटण अडकलं होतं आणि तो तीन पाकळ्यांचा स्क्रू कशालाच दाद देईना, तेव्हा मी एका स्क्रूड्रायव्हरचं टोक कानशीने घासून तो उघडला होता. आठवतंय? दादा म्हणाला, हा निघाला तेव्हा त्या कंपनीचा अध्यक्ष एक जुना प्रोग्रामर होता, सातोरू इवाता. मग मी वाचतच बसलो.

जपानमधल्या सापोरोचा मुलगा. शाळेत असताना प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवर खेळ बनवायचा. कॉलेजात असतानाच हॅल लॅबोरेटरी नावाच्या गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीत शिरला. ती बुडायला आली आणि १९९३ साली, ३३ व्या वर्षी, अध्यक्षपद याच्या गळ्यात पडलं. डोक्यावर १५० कोटी येनचं कर्ज. ते फेडलंच त्याने, पण मी थांबलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. वर्षातून दोनदा तो प्रत्येक माणसाला समोर बसवून त्याचं ऐकून घ्यायचा. प्रत्येकाला!

मी फोरमन झालो तेव्हा काचेच्या केबिनमधून लेथकडे बघत बसायचो. एकदा बोअर, म्हणजे आतली भोकं, मोठे निघाले, अख्खा लॉट रिजेक्ट. ऑपरेटर पोरावर मी सगळ्यांदेखत ओरडलो. आठवड्याने कळलं, मशीनच्या स्पिंडलमध्ये प्ले आलाय, तो ढिला झालाय, हे सांगायला तो दोनदा माझ्या दारापर्यंत येऊन परत गेला होता. हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

आता कोडिंगचं. हॅलचा अध्यक्ष असताना त्याने पोकेमॉनच्या लढाईचा कोड, कागदावर काही लिहिलेलं नसताना, नुसता वाचून आठवड्याभरात दुसऱ्या मशीनवर चढवला. पुढे निन्टेंडोत मोठ्या हुद्द्यावर गेला, तरी २००१ साली 'स्मॅश ब्रदर्स मेले' (Melee) हा हॅलचा गेम वेळेत होईना, तेव्हा तीन आठवडे हॅलच्या जुन्या पोरांत बसून बग काढत होता. ते शेवटचं. २००२ ला निन्टेंडोचा अध्यक्ष झाला आणि हात सुटला तो सुटलाच. तेव्हा तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

निन्टेंडोचं वी यू हे गेमचं मशीन बाजारात पडलं तेव्हा माणसं काढून खर्च वाचवायला त्याने नकार दिला, स्वतःचा पगार अर्धा केला. २०१५ साली गेला बिचारा, अवघा ५५ वर्षांचा.

हो म्हण की नाही म्हण, तुझं तू ठरव. डीएसची बॅटरी फुगली आहे, पुण्यात मिळाली तर दिवाळीला येताना आण. घासलेला स्क्रूड्रायव्हर अजून हत्यारांच्या डब्यातच आहे.

तुझे,
बाबा