सरचू ते पांग : नुसते किलोमीटर छापू नका

मा. संपादक,
स. न.

मे महिना आला की मनाली-लेह सायकल मोहिमांच्या जाहिराती आणि बातम्या दिसू लागतात. त्यांतल्या दिवसवार तक्त्यात एक ओळ हमखास असते : ‘सरचू ते पांग, ७८ किमी’. सह्याद्रीतल्या घाटांत सायकल चालवणाऱ्याला ७८ किलोमीटर म्हणजे सकाळचे काम वाटते, आणि फसगत इथेच होते. आमची विनंती एवढीच, की असा तक्ता छापताना अंतराशेजारी एकूण चढ, मुक्कामाची उंची आणि पाण्याची ठिकाणेही द्यावीत.

हा सगळा प्रदेश थंड वाळवंटाचा. झाड नाही, सावली नाही, हवा कोरडी. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून उंच. तिथून गाटा लूप्स या नागमोडी चढाच्या पायथ्यापर्यंत त्सारप नदीच्या काठाने साधारण २५ किलोमीटर रस्ता सोपा आहे. मग २१ वळणांचा नऊ-दहा किलोमीटरचा चढ, पुढे नकीला खिंड, तिथून व्हिस्की नाल्यात उतार आणि लगेच लाचुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड). तिथल्या पाटीवर १६,६१६ फूट लिहिले आहे. दिवसाचा एकूण चढ हजार मीटरच्या घरात जातो आणि तोही जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त आहे अशा ठिकाणी. चढावर ताशी ५ किमी हा तिथे चांगला वेग. विश्रांती धरून नऊ-दहा तास लागतात. त्यामुळे उजाडताच निघावे. दुपारनंतर वारा उठतो आणि बर्फ वितळून नाल्यांचे पाणी चढते.

गिअरचे गणित घरीच करून जावे. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्याला २८ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते. ताशी ५ किमीने चढताना मिनिटाला जेमतेम ३३ फेरे पडतात. प्रत्येक फेऱ्याला सगळा जोर गुडघ्यावर येतो, उभे राहून पेडल मारावे लागते आणि दहा मिनिटांत दम संपतो. पुढे २२, मागे ३४ असेल तर त्याच वेगाला ६० फेरे पडतात, बसून चढता येते. निघण्याआधी सामान लादून सिंहगडाचा चढ सर्वांत हलक्या गिअरवर बसूनच करून पाहावा. मात्र सिंहगड कितीही वेळा केला तरी विरळ हवेची सवय इथे होत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

पाणी माणशी निदान ४ लिटर सोबत हवे. लूप्सचा पायथा सोडला की व्हिस्की नाल्यापर्यंत भरवशाचे पाणी नाही. लूप्सच्या एका वळणावर बाटल्यांचा ढीग दिसतो. त्या लोकांनी श्रद्धेने वाहिलेल्या आहेत, त्यांवर भिस्त ठेवू नये. खाणे भूक लागण्याआधीच, अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे. चिक्की थंडीत दगडासारखी होते. दशमी, गूळपोळी, खजूर चावायला सोपे.

सगळ्यांत मोठी चूक मात्र सायकलवर बसण्याआधीच झालेली असते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा साधा नियम. बरेच तक्ते जिस्पाहून (३,२०० मीटर) थेट सरचूला नेतात, म्हणजे एका रात्रीत जवळजवळ ११०० मीटरची उडी. सुट्टीचा एक दिवस वाचतो आणि पुढचे चार दिवस डोकेदुखीत, मळमळीत जातात. जिस्पाला एक रात्र वाढवावी, त्या दिवशी सरचूच्या वाटेवरच्या पत्सिओपर्यंत चढून झोपायला परत खाली यावे. मग पत्सिओला मुक्काम, मग सरचू. सरचूच्या आधीची बारालाचा खिंड ओलांडल्यावर परतीची वाटही खिंडीतूनच आहे. सरचूहून मागे यायचे तर बारालाचा चढावा लागतो. पांग ४,६०० मीटरवर, तिथून मागे लाचुंग ला आणि पुढे मोरे पठार व तंगलांग ला. उतरण्यासाठी आधी चढावे लागते अशी ही जागा आहे. म्हणून डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही सरचूला दिसले, तर त्या माणसाला पांगकडे नेऊ नये, गाडीतूनही नाही. वाट न पाहता गाडीने बारालाचा ओलांडून जिस्पाच्या बाजूला उतरवावे.

टायर उंचीवर फुटतो, ही भीती सोडावी. मनालीत भरलेली हवा लाचुंगला फार तर तीन-चार पीएसआयने (हवेच्या दाबाचे माप) जास्त भरते, आणि थंडीमुळे त्यातलीही थोडी कमी होते. त्या भीतीने हवा काढून ठेवली की दगडावर ट्यूब रिमशी चिमटते आणि पंक्चर होते. लाचुंगहून पांगचा उतार खडीचा आणि धुळीचा आहे, तिथे रिमब्रेकचे पॅड झपाट्याने झिजतात. पॅडचा एक जोड, दोन ट्यूब, डिरेल्यूर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग अडकवायची पट्टी) आणि हातपंप प्रत्येकाच्या पिशवीत हवा. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि विंडचीटर खिंडीतच चढवावेत. बोटे बधिर झाल्यावर ब्रेक दाबला जात नाही.

तक्त्यात आणखी एक ओळ असावी : सोबतची गाडी कुठे असेल. तंबू लावण्याच्या घाईने ती सकाळीच पांगला निघून जाते. तिने दिवसभर शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे राहावे, पाणी आणि ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन.

– काही सायकलस्वार, पुणे