डॉक्टर मॅडम, पैलवान पोरीच्या बापाकडून

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरकडचा, जुन्या तालमीतला माणूस. पोरीच्या पाळीबद्दल चारचौघांत लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण माझ्यासारखे बाप आणखीही असतील, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

पोर 53 किलो गटात खेळते. दर महिन्याला काही दिवस काटा किलो-सव्वा किलोनं वर जायचा आणि तालमीत एकच निदान व्हायचं: चोरून खाल्लं. लगेच भाकरी अर्धी, पाणी बंद. विनेश फोगाट 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 ग्रॅमपायी अंतिम लढतीआधी बाद झाली, तेव्हापासून तर काट्याची धास्ती घरात मुक्कामालाच आली होती.

तुम्ही खाण्याचं नंतर विचारलंत, आधी पाळीच्या तारखा विचारल्यात. तिच्या वजनाच्या वहीत त्या तारखांना लाल खुणा केल्यात आणि वही माझ्यापुढे सरकवलीत. प्रत्येक चढ पाळीच्या तोंडावरचा! मग हिशेब मांडलात. किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तेही दोन दिवसांत? एवढं तर मी ऐन उमेदीतही खाल्लं नसेल. (एखाद्या जत्रेत खाल्लं असेल, ते सोडा.)

वाढत होतं ते पाणी. त्या दिवसांत हार्मोन्समुळे अंगात मीठ-पाणी साठून राहतं आणि पाळी सुरू झाली की थोड्या दिवसांत उतरतं. प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमानही तेव्हा अर्ध्या अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, शरीर किंचित जास्त ऊर्जा जाळतं, भूकही वाढते. म्हणजे पोरीला भूक जास्त, नेमकी तेव्हाच तिची भाकरी तोडली जात होती.

कुणीतरी सुचवलेल्या लघवीच्या गोळ्या तुम्ही जागच्या जागी थांबवल्यात, हे उपकार तर फार मोठे. त्या डोपिंगच्या बंदी यादीत आहेत. उपासमारीनं पाळीच बंद पडली तर हाडं कमजोर होतात, हे तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलंत. माझ्यासमोर सांगितलं असतंत तरी चाललं असतं, मॅडम.

आता वजन कालच्याशी नाही, गेल्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडतो. पुढची निवड चाचणी नेमकी पाळीच्या तोंडावर येतेय, म्हणून पोर या खेपेला 55 मध्ये उतरणार आहे. वस्ताद कुरकुरले, पण वही बघून मानले.