हार्मोन्सच्या डॉक्टरांचं कुणी नावच घेत नाही

संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत एमबीबीएसनंतर पुढे काय करावं यावर पानभर आलं होतं. रेडिओलॉजी, स्किन, ऑर्थो, मेडिसिन, त्यातून पुढे कार्डिओ न गॅस्ट्रो, सगळं होतं. एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे हार्मोन्सची ब्रँच, नाही. चष्मा लावून परत एकदा वाचलं, तरी नाही. म्हणून लिहितेय.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. टिळक रोडजवळ एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, 22 वर्षं झाली. सकाळी साडेसहाला स्कूटी काढायची, पेठांमधून घरोघरी ब्लड घ्यायचं (आणि फास्टिंग सांगूनसुद्धा "चहाच घेतला हो फक्त" असं म्हणणाऱ्यांशी रोज नव्यानं वाद घालायचा), मग लॅबला येऊन मशीन सुरू. ट्रेमध्ये बघितलं की राखाडी टोपीची नळी शुगरची, जांभळी एवनसीची (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), पिवळी थायरॉईडची, आणि निम्मा ट्रे यांचाच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा जो मोठा सर्व्हे 2023 मध्ये आला त्यात देशात 10 कोटींच्या वर डायबेटिसवाले आणि आणखी 13 कोटींच्या वर काठावरचे असा आकडा होता, मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही, आमचा ट्रे बघून कुणालाच वाटलं नसतं.

आता कुणी म्हणेल शुगर न थायरॉईड काय, फॅमिली डॉक्टरही बघतात. बघतातच, आणि बरेचजण उत्तम बघतात. पण रिपोर्टवरचा आकडा आणि समोरचा माणूस जेव्हा जुळत नाही ना, तेव्हा खरी गंमत असते, आणि ती पकडणारं डोकं वेगळं असतं.

एक उदाहरण सांगते. हिंजवडीला नोकरी करणारी मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) एकदम तळाला, फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) वर. म्हणजे थायरॉईड जास्त काम करतंय असा सरळ रिपोर्ट. मी मशीनचा कंट्रोल बघितला, सॅम्पल परत लावलं, तेच. तिच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहूनसुद्धा दिल्या होत्या, पण घरच्यांनी सुरू करायच्या आधी एका एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी म्हणे नाडी बघितली, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का बघितलं, मान बघितली, वजन विचारलं, सगळं नॉर्मल. मग विचारलं, केस गळतात का, त्यासाठी काही घेतेस का? घेत होती, बायोटिनच्या गोळ्या, चांगल्या दहा मिलिग्रॅमच्या, ऑनलाइन मागवून. आता आमच्या मशीनची टेस्ट ज्या पद्धतीनं चालते त्यात बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी येतो आणि टी-फोर खोटा जास्त. बायोटिन थांबवलं, काही दिवसांनी मीच परत ब्लड घेतलं, रिपोर्ट नॉर्मल. मुलगी पहिल्यापासून ठणठणीत होती! नसलेल्या आजाराच्या गोळ्या किती दिवस खाल्ल्या असत्या कुणास ठाऊक. त्या दिवसापासून मी फॉर्म भरतानाच विचारते, केसांच्या गोळ्या चालू आहेत का, लोकांना वाटतं बाई भोचक आहे.

असलंच एवनसीचं. अंगात लोह कमी असलं की एवनसी उगाच वर दिसू शकतो, आणि आपल्याकडे ॲनिमिया नसलेली बाई शोधावी लागते. कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सकाळी आठला घेतलं तर एक अर्थ, दुपारी चारला घेतलं तर वेगळा. म्हणजे या ब्रँचमध्ये आकड्याला किंमत आहे पण विश्वास आधी माणसावर. माणसाला विचारायचं, अंगठी घट्ट व्हायला लागली का, चपलेचा नंबर वाढला का, हाताच्या रेषा काळ्या पडल्या का, ही सगळी हार्मोन बिघडल्याची चिन्हं. मला तर हे गुप्तहेराचं काम वाटतं.

मग पोरं तिकडे जात का नाहीत? माझा भाचा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला विचारलं. म्हणाला मावशी, प्रोसिजर नाही त्यात, हातानं करायला काहीच नाही. म्हणजे पैसा नाही, हे त्यानं म्हटलं नाही पण मला कळलं. दुसरं म्हणजे वर्षं. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, मग एमडी तीन, मग डीएम (सुपरस्पेशालिटीची डिग्री) तीन, साडेअकरा झाली, तीही एकाही प्रवेश परीक्षेत न अडकता. हे काही खोटं नाही आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

पण तिसरी गोष्ट तो बोलला ती मला जास्त खरी वाटली. म्हणाला आम्ही ते कधी बघितलंच नाही गं. वॉर्डात पेशंट असतो हार्ट अटॅकचा, लिव्हरचा, डेंगूचा. हार्मोनचा पेशंट ॲडमिट कुठे असतो, तो ओपीडीत येतो, पंधरा मिनिटं बसतो, चिठ्ठी घेऊन घरी जातो, आणि चार महिन्यांनी बदलून येतो. तो बदल बघायला पोरं तिथे नसतात. आम्ही बघतो, कारण चार महिन्यांनी परत ब्लड घ्यायला आम्हीच जातो. शनिवार पेठेत एक काकू होत्या, तीन वर्षं नुसत्या थकलेल्या, कुणी टेन्शन म्हटलं, कुणी वय झालं म्हटलं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. शेवटी टीएसएच केला तर शंभरच्या वर, म्हणजे थायरॉईड फारच कमी काम करत होतं. एवढ्यासाठी स्पेशालिस्टच लागतो असं नाही, पण सुचायला आधी कुठेतरी बघितलेलं लागतं. गोळी सुरू झाल्यावर पुढच्या वेळी फोन केला, कधी येऊ विचारायला, तर मला वाटलं त्यांच्या सुनेनं उचलला. आवाज बदलला होता! आधीचा घोगरा, ओढत ओढत बोलल्यासारखा, तो गेलेला. शंभर गोळ्यांची एक बाटली, रोज सकाळी उपाशीपोटी एक. याला हातानं करण्यासारखं काही नाही म्हणायचं का?

आणि लहान बाळांचं तर बोलायलाच नको. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच बघितला आणि बाळाला थायरॉईड कमी निघालं, तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी चुरून आईच्या दुधातून सुरू करता येते आणि पोर इतरांसारखं शाळेत जातं. उशीर झाला तर मेंदूचं जे नुकसान होतं ते पुढे कुठलीच गोळी भरून काढत नाही. अजूनही ही टेस्ट सगळीकडे होत नाही, हा राग वेगळाच, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

आणि हे पुण्याच्या मुलांना तर जास्तच सांगायला हवं. आपल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं मोजली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं, पण आपल्या बारक्या बाळात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं टिकून. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला डायबेटिस का होतो याचा एक धागा इथून निघाला, जगभर गेला. आणि इथली पोरं कॅन्टीनमध्ये बसून म्हणतात या ब्रँचमध्ये एक्सायटिंग काही नाही.

माझं म्हणणं एवढंच, कॉलेजांनी इलेक्टिव्हमध्ये (आवडीचा विषय निवडून शिकायच्या दिवसांत) किंवा इंटर्नशिपमध्ये पोरांना पंधरा दिवस तरी एंडोक्राइन ओपीडीत नुसतं बसवावं. नवा अभ्यासक्रम आल्यापासून इलेक्टिव्हची सोय आहेच. आणि तुम्ही पुढच्या वेळी पान छापाल तेव्हा चार ओळी यांच्याही टाका.

भाच्याला मी म्हटलंय, ओपीडी मिळेल तेव्हा मिळेल, येत्या शनिवारी माझ्या स्कूटीवर मागे बस, साडेसहाला निघू, सहा घरं करू, ज्यांचे आकडे मला तोंडपाठ आहेत त्यांची तोंडं बघ. येतो म्हणालाय. उठतो का बघायचं.

– एक लॅबवाली, सदाशिव पेठ, पुणे