आईच्या खोलीची आवराआवर करणाऱ्या हातांना

आईचा तेरावा झाल्यावर गिरगावातल्या चाळीतली तिची खोली रिकामी करून देण्यासाठी आमच्या हाती जेमतेम आठ दिवस होते, आणि ट्रंकेचे झाकण उघडल्यावर येणाऱ्या तिच्या वासाने आम्ही दोघे भावंडे पहिल्याच दिवशी हतबल झालो होतो.

अशा वेळी न बोलावता आलेल्या शेजारच्या काकूंचे आभार कसे मानावेत, हे कळत नाही. डांबरगोळी जरीला थेट लागली की जर काळवंडते, म्हणून आईच्या दोन्ही पैठण्या त्यांनी धुतलेल्या मलमलीत गुंडाळल्या, आणि तीच घडी वर्षानुवर्षे राहिली तर रेशीम तिथेच विरते, तेव्हा दर काही महिन्यांनी ती मोडायची, असे मला दोनदा बजावले. (आईही हेच सांगत असे, मी ऐकले नव्हते.) रोजच्या सुती साड्या बोहारणीला द्यायला माझे मन धजेना, तेव्हा त्यांच्या गोधड्या शिवण्याचे त्यांनीच सुचवले.

ज्यांचे नावही विचारायचे राहिले, त्या रद्दीवाल्या दादांचा मी विशेष ऋणी आहे. तोलून नेलेल्या गठ्ठ्यात त्यांना आजोबांची पोस्टकार्डे व आईचे पोस्टाचे पासबुक सापडले, आणि संध्याकाळी ते तीन जिने चढून परत द्यायला आले. चहासुद्धा त्यांनी उभ्यानेच घेतला.

टेम्पोवाल्या मुलांनी देव्हारा मांडीवर धरून नेला, त्यांचेही मनःपूर्वक आभार.